हिब्रूत लिहिता येईल का, असं विचारलंस म्हणून

परवा भाचीने तुझा प्रश्न मला फोनवर वाचून दाखवला. तू ठाण्याची, २७ वर्षांची, मराठीत कविता करतेस, दोन दिवाळी अंकांत छापूनही आल्यात, आणि पुढच्या वर्षी इस्राएलला कायमचं यायचं ठरतंय. तू विचारलंस, "तिथे गेल्यावर मला हिब्रूत लिहिता येईल का? किती वर्षं लागतात? की मराठीतच लिहीत राहावं?" लोकांनी तुला घरभाडं सांगितलं, नोकऱ्या सांगितल्या, कुठलं गाव स्वस्त ते सांगितलं. मूळ प्रश्नाला कुणी हातच लावला नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही, कारण हाच प्रश्न मी १९९६ साली मनात घेऊन आले होते आणि तेव्हा तो कुणाला विचारायचा हेच कळत नव्हतं.

मी तेव्हा ३२ वर्षांची. तुझ्यासारखीच बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारी यहुदी, ठाण्याचीच. टेंभी नाक्याच्या सिनेगॉगपासून पाच मिनिटांवर आमचं घर. मी कथा लिहायची. नवऱ्याचा धाकटा भाऊ आधीच इथे आला होता, त्याच्या मागोमाग आम्ही निघालो. सोबत सात वर्षांचा मुलगा.

आल्यावर मिळणारे पैसे, ओळखपत्र, आरोग्य विमा, उलपानमध्ये म्हणजे हिब्रूच्या वर्गात किती महिने बसायला मिळतं, हे सगळं सरकारी साइटवर आहे आणि ते बदलत राहतं. सायरन वाजला की कुठे जायचं तेही पहिल्याच दिवशी कुणीतरी दाखवेल. मी फक्त भाषेचं सांगते.

इथे आलीस की पहिल्या आठवड्यात पाकिटातल्या नोटा काढून नीट बघ. २० शेकेलच्या नोटेवर राहेल, ५० वर चेर्निखोव्स्की, १०० वर लेआ गोल्डबर्ग, २०० वर आल्तरमन. चौघंही कवी. आणि चौघांपैकी एकही इथे जन्मलेला नाही. राहेल रशियातल्या सारातोवची, चेर्निखोव्स्की आजच्या युक्रेनमधल्या खेड्यातला, आल्तरमन वॉर्साचा, लेआ गोल्डबर्ग कोनिग्सबर्गला जन्मून लिथुआनियात वाढलेली. राहेल १९०९ साली १९ वर्षांची आली तेव्हा रशियनमध्ये कविता करत होती. रेहोवोतला बालवाडीतल्या पोरांजवळ बसून, त्यांचं बोलणं ऐकून ती हिब्रू शिकली. तिच्या कवितेत आजही एक साधेपणा आहे, मोठी माणसं वापरतात ते जड शब्द नाहीत. मला वाटतं तो त्या बालवाडीतून आलाय.

मुळात हिब्रू ही कैक शतकं कुणाच्याच आईची भाषा नव्हती. हिब्रू पुन्हा बोलीभाषा व्हावी म्हणून झटणारा बेन-येहुदा १८८१ साली जेरुसलेमला आला, १८८२ साली त्याला मुलगा झाला, आणि त्या मुलाच्या कानावर हिब्रूखेरीज एक शब्द पडू द्यायचा नाही असं त्याने ठरवलं. म्हणजे इथले आरंभीचे लेखक बहुतेक सगळेच शिकलेल्या भाषेत लिहिणारे. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर पहिली दहा वर्षं मी वाचनालयात मान खाली घालून गेले नसते.

पण एक फरक ध्यानात ठेव. राहेलच्या आजूबाजूला जो तो शिकाऊच होता, सगळेच चुकत होते. तू येशील तेव्हा बसचा ड्रायव्हरसुद्धा तुझ्या क्रियापदाचं लिंग दुरुस्त करेल. आपल्याकडे "तू येतेस का" आणि "तू येतोस का" एवढंच आहे. इथे 'तू' हा शब्दच बाईला वेगळा, बाप्याला वेगळा.

उलपानमधला माझा पहिला दिवस सांगते. बाई एकेकीसमोर उभ्या राहून विचारत होत्या, "मी आत?" मराठी कानाला ते काय ऐकू येतं ते तुझं तू बघ. हिब्रूत 'मी' म्हणजे कोण, 'आत' म्हणजे तू, बाई असलीस तर. तू कोण? आणि उत्तराची सुरुवात करायची 'आनी' म्हणून, कारण 'आनी' म्हणजे मी. माझ्या भाषेतला 'मी' इथे प्रश्न झाला होता आणि 'आणि' त्याचं उत्तर. मी वहीत हे तीन शब्द लिहिले आणि त्यापुढे त्या दिवशी काही लिहिलं नाही. ती वही अजून आहे.

किती वर्षं लागतात? बाजारहाट सहा महिन्यांत. पेपर वाचायला मला तीन वर्षं लागली. छापील हिब्रूत स्वर लिहीतच नाहीत, म्हणून शब्द आधी माहीत असेल तरच तो वाचता येतो. नवशिक्यांसाठी स्वरांची टिंबं घातलेला सोप्या भाषेतला पेपर निघायचा, त्याच्यावर मी तग धरला. हिब्रूत पहिली कथा लिहिली २००९ साली, म्हणजे तेरा वर्षांनी. तू तरुण आहेस, तुला कमी लागतील. पण पाचाच्या आत होईल असं कुणी म्हटलं तर ऐकू नकोस.

आता कागदपत्रांचं. तू म्हणशील हे सरकारी साइटवर आहे. हे नाहीये.

आमचं आडनाव थळकर. अलिबागजवळचं थळ. हिब्रूत थ नाही, ळ नाही, आणि स्वर तर लिहायचेच नाहीत. विमानतळावर टेबलामागे बसलेल्या माणसाने पासपोर्टवर नजर टाकली आणि चार अक्षरं लिहिली: तेत, लामेद, कोफ, रेश. त्याला तालकर वाचा, तेलकर वाचा, तिलकर वाचा. पाच सेकंदांचं काम. पुढे कळलं की 'ताल' म्हणजे हिब्रूत दव. सुंदर शब्द आहे, पण माझ्या आजेसासऱ्यांचं गाव त्यात कुठे आहे? मग लग्नाच्या दाखल्याचं भाषांतर करणाऱ्याने तेतऐवजी ताव लिहिला. दोन्ही अक्षरांचा उच्चार आज एकच, पण कॉम्प्युटरला ती दोन वेगळी माणसं. कागदोपत्री मी एक आणि नवऱ्याची बायको दुसरीच. हे एका अक्षराचं प्रकरण निस्तरायला चौदा महिने गेले. इथे अर्ज कर, तिथून शिक्का आण, शिक्क्यावरची तारीख जुनी झाली म्हणून पुन्हा ठाण्याला फोन, मग माझा म्हातारा बाप महापालिकेत रांगेत. त्या चौदा महिन्यांत मी मराठीतसुद्धा एक ओळ लिहिली नाही.

आणि त्यातच एका कचेरीत एका माणसाने माझ्या आजीचं नाव विचारलं, तिच्या आईचं विचारलं, आणि त्या यहुदीच होत्या हे सिद्ध कसं करणार असं विचारलं. आपल्या लोकांनी १९६४ च्या उन्हाळ्यात जेरुसलेमला धरणं धरलं होतं, कारण इथले रब्बी, म्हणजे धर्मगुरू, लग्नाआधी आपल्या आज्या-पणज्यांची चौकशी करत होते. ऑगस्टमध्ये क्नेसेतने, म्हणजे इथल्या संसदेने, ठराव केला की बेने इस्राएल हे सर्वार्थाने यहुदीच आहेत. माझी चुलतसासू त्या धरण्यात मांडीवर लेकरू घेऊन बसली होती. त्यानंतर ३२ वर्षांनी तोच प्रश्न, आणि तोही ज्या भाषेत मला धड रागावताही येत नव्हतं त्या भाषेत. तेव्हा मी ठरवलं की ही भाषा मला भाजी घेण्यापुरती नको, उत्तर देण्याएवढी यायला हवी. माझ्या हिब्रूतल्या लिखाणाचं मूळ तिथे आहे. प्रेमातून शिकले असं सांगितलं तर ते खोटं होईल.

मुलाचं सांगते. हे मी कुणाला फारसं सांगत नाही.

त्याला दुसरीत घातलं. तिसऱ्या महिन्यात मोराने, म्हणजे वर्गाच्या बाईंनी, मला बोलावून घेतलं. मला हिब्रू कळत नव्हतं म्हणून मध्ये मुलालाच बसवलं. बाई बोलत होत्या, तो ऐकत होता, मग माझ्याकडे वळून तो मराठीत म्हणाला, "आई, मोरा म्हणते, घरी असं बोलायचं नाही. फक्त हिब्रू बोलायचं. नाहीतर मी मागे पडेन." स्वतःच्या भाषेवरची बंदी सात वर्षांच्या पोराने त्याच भाषेत करून सांगितली. आणि त्याने ती फार चांगल्या मराठीत सांगितली गं. हे माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही, पुढे अनेक वर्षांनी आलं.

मी ऐकलं. शिकलेल्या बाई सांगतायत, सरकारी शाळा सांगतेय, मी कोण नवखी. माझ्याजवळ तेव्हा तीनशे-चारशे शब्द असतील. तेवढ्या शब्दांत मुलाला जेव म्हणता येतं, झोप म्हणता येतं, हात धू म्हणता येतं. त्याला गोष्ट सांगता येत नाही. ताप आला तर कपाळावर हात ठेवून काय बोलायचं ते येत नाही. माझी आई मला "माझ्या सोन्या, माझ्या बाये" म्हणत अंगाई म्हणायची, ते सगळं माझ्या पोटात होतं आणि मी त्याला डिक्शनरीतला शब्द देत होते. त्या तीन-चार वर्षांत त्याच्या वाट्याला आली ती तोडकीमोडकी आई. ठाण्याहून माझ्या आईचा फोन आला की तो रिसीव्हर कानाला लावून "हो, हो" म्हणायचा. मग नुसता श्वास. मग तोही नाही.

त्याला बाराखडी शिकवायला घेतली होती, त्याची वही 'ठ'पाशी थांबलेली आहे.

आज जाणकार सांगतात की घरची भाषा पक्की असली की मूल दुसरी भाषा अधिक चांगली शिकतं. आज. मी त्या बाईंना दोष देते आणि देत नाही. त्या काळी इथे सगळ्यांना तेच सांगत होते, मोरोक्कोच्या आयांना, रशियाच्या आयांना. पण नाही म्हणायचा हक्क मला होता आणि मी तो वापरला नाही. तुला अजून मूल नाही. झालं तर त्याच्याशी मराठीतच बोल, शाळा काहीही म्हणो. माझ्या या पत्रातलं एवढंच ऐकलंस तरी मला पुरे आहे.

मी २६ वर्षं एका वृद्धाश्रमात काम केलं. आमच्याकडे रुमानियाची, इराकची, मोरोक्कोची माणसं. एक आजी होत्या, ४० वर्षं शाळेत हिब्रू शिकवलेल्या, व्याकरण इतकं चोख की त्या माझ्या रजेच्या अर्जातल्या चुका काढायच्या. मग विसरायला लागल्या. आधी नवऱ्याचं नाव गेलं, मग दिवस गेले, मग एका हिवाळ्यात हिब्रू गेली. शेवटचे सात-आठ महिने फक्त रुमानियन. मुलगा रोज यायचा, बाजूला बसायचा, त्याला एक अक्षर कळायचं नाही. त्या त्याला काहीतरी मागत असायच्या आणि तो माझ्याकडे बघायचा. मी असं एकदा नाही, पुष्कळदा पाहिलं. नंतर शिकलेली भाषा आधी जाते, आईची मागे राहते. कामावरून घरी आल्यावर मी मुलाला म्हणायची, "पाणी म्हणजे काय सांग." तो म्हणायचा, "मायिम, इमा, माहीत आहे मला." बरं. एवढं आहे.

एकटेपणाबद्दल तू दोनदा विचारलंयस. असतो. पहिल्या तीन-चार सणांना जास्त. कामाला लाग, शेजारणीकडे ताटलीभर काहीतरी पाठव, ती ताटली कधी रिकामी परत येत नाही. दिमोनाला किंवा बीरशेबाला राहिलीस तर दुकानात मराठी ऐकू येईल आणि हिब्रू उशिरा येईल, तेल अवीवकडे राहिलीस तर उलट. बस, त्यावर आणखी सांगण्यासारखं काही नाही.

लेखकांबद्दल मात्र आहे. तुला इथे सगळे आपेलफेल्डचं उदाहरण देतील, जर्मन घरात जन्मला, युद्धात आई मारली गेली, १९४६ साली एकटाच इथे आला आणि पुढे आयुष्यभर हिब्रूत लिहिलं. मोठा लेखक, वाचच. पण तो आला तेव्हा चौदाएक वर्षांचा होता. तू आणि मी त्या वाटेवरच्या नाही. आपल्या वाटेवरची माणसं बगदादची आहेत.

तिथून तीन लेखक आले, तिघांची मातृभाषा अरबी. सामी मिखाएल १९२६ सालचा, १९४९ मध्ये आला, हिब्रूतली पहिली कादंबरी १९७४ साली. २५ वर्षं, मोज. मधल्या काळात तो पाणी मोजायच्या सरकारी खात्यात नोकरी करत होता. शिमोन बलास १९५१ साली आला, स्थलांतरितांच्या छावणीवरची कादंबरी आधी अरबीत लिहायला घेतली, मग मोडून हिब्रूत केली, ती १९६४ साली निघाली. आणि तिसरा समीर नक्काश. तो १३ वर्षांचा असताना आला, म्हणजे हिब्रू सहज जमली असती. त्याने २००४ साली मरेपर्यंत फक्त अरबीत लिहिलं. बगदादच्या बोलीसकट. इथले यहुदी वाचक अरबी विसरत चाललेले आणि अरब देशांत इस्राएलच्या लेखकाची पुस्तकं पोचायला अडचणी. जाणकार त्याला फार मानायचे, वाचणारे मूठभर. पूर्वी मला तो हट्टी वाटायचा. आता मला तिघांमध्ये तोच रात्री आठवतो.

आणखी एक बाजू आहे, ती कुणी सांगत नाही म्हणून सांगते. इथले जे अरब लेखक हिब्रूत लिहितात, अंतोन शम्मास, ज्याची कादंबरी १९८६ साली आली, किंवा सय्यद काशुआ, त्यांच्यासाठी ही भाषा 'घरी परत आल्याची' नाही. गाव इथलंच, भाषा समोरच्याची. काशुआ २०१४ साली अमेरिकेला निघून गेला. मी त्यांचं लिखाण वाचते तेव्हा त्या कचेरीतली मी मला दिसते. तुलना बरोबर नाही, मला कळतं, माझ्या हातात ओळखपत्र होतं आणि दार माझ्यासाठी उघडलं होतं. पण उत्तर देण्यासाठी शिकलेली भाषा काय असते ते त्यांच्या वाक्यांत आहे.

आता माझ्या कथेचं. २००९ साली वाचनालयात लेखनाचा एक गट सुरू झाला, तिथे जायला लागले. मी माझीच जुनी मराठी कथा हिब्रूत करायला घेतली. सासू-सुनेची कथा, पेणच्या घरातली. सून पूर्ण वेळ सासूला "तुम्ही" म्हणते, आणि शेवटी सासू अंथरुणाला खिळल्यावर, एका दुपारी तिला पुसून काढताना सुनेच्या तोंडून "तू" निघून जातं. कथा तेवढीच आहे. तो "तू" म्हणजेच कथा.

हिब्रूत आदराचं "तुम्ही" नाही. आजीला, मंत्र्याला, डॉक्टरला, कुत्रीला, सगळ्यांना नुसतं "तू". दोन पानं झाली आणि माझ्या लक्षात आलं की शेवटच्या ओळीत काही घडतच नाही. गटातल्या एकाने सुचवलं की साडी आणखी घाल, मसाल्यांचा वास घाल. मी काही बोलले नाही. त्या घरात मसाल्याचा वास कुणाच्या लक्षातही यायचा नाही, आम्ही तिथेच राहत होतो.

कथा बाजूला ठेवली आणि रूथचं पुस्तक हाताने उतरवून काढायला लागले. चारच अध्याय. तीही सून, तिचीही सासू, तीही परक्या गावी निघालेली. रोज रात्री दहा ओळी. पहिल्या अध्यायात ओर्पा सासूचा मुका घेते आणि माघारी जाते, रूथ मात्र तिला चिकटून राहते. ते क्रियापद 'दावका'. त्याच मुळापासून आजचा 'देवेक' शब्द आहे, कागद चिकटवायचा गोंद, माझ्या मुलाच्या दप्तरात असायचा तो. मी लिहिता लिहिता थांबले. या भाषेत आदर आणि जवळीक सर्वनामात नाही, धातूत आहे. मग मी पूर्ण कथा पुन्हा लिहिली. सून आधी सासूला धरते, उचलते, आधार देते, प्रत्येक वेळी वेगळं क्रियापद, आणि शेवटी एकदाच 'दावका'. वाचून झाल्यावर गटात एक बाई उठून खिडकीपाशी गेली. मराठी कथा ती नव्हे. ही दुसरी आहे. पण ही माझीच आहे.

म्हणून म्हणते, भाषांतर करू नकोस. मराठी कविता हिब्रूत नेऊ नकोस, ती वाटेत मरते. हिब्रूचा एखादा धातू हातात घे आणि त्यात काय आहे ते बघत बस. मुंबईत १७९६ साली बांधलेलं आपलं पहिलं सिनेगॉग, शाआर हारहमीम, दयेचं दार. मशीद बंदर स्टेशनचं नाव त्याच्यावरून पडलं असं आपल्यात सांगतात. लहानपणापासून मी ते नाव उच्चारत होते. इथे आल्यावर कळलं की 'रहमीम' म्हणजे दया आणि 'रेहेम' म्हणजे गर्भाशय, एकाच मुळाचे शब्द. आपल्या ओठांना हिब्रू ठाऊक होती, अर्थ मागून आला. रशियाहून आलेल्या कितीतरी जणांना तेवढंही नव्हतं. तुझ्याजवळ ती शिदोरी आहे, ती घेऊन ये.

आणि मराठी सोडू नकोस. आपल्या वाडवडिलांनी उलट्या दिशेने हेच काम केलं आहे. १८७४ साली पुण्यात हगादा, म्हणजे वल्हांडण सणाच्या रात्री वाचायची पोथी, निघाली, हिब्रूबरोबर मराठी, घरच्यांना कळावी म्हणून. त्याच सुमारास आपल्या लोकांनी अब्राहाम आणि योसेफ मराठी कीर्तनात आणले, झांजा-मृदंगासकट. इथे आल्यावरही 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक काढलं. वाचणारे दरवर्षी कमी होत गेले. मी तरी त्यासाठी लिहिलं, आणि त्या दोन-तीन कथा माझ्या हिब्रू कथांपेक्षा चांगल्या आहेत असं मला वाटतं.

कथा छापून आल्यावर मी अंक ठाण्याला आईकडे पाठवला. मराठीत काही लिहिलं नाही, नुसता अंक. तिला हिब्रू वाचता यायचं नाही, अक्षरं मात्र ओळखायची. आमच्या घरात हिब्रू छापलेलं एकच पुस्तक होतं, प्रार्थनेचं. पुढच्या वर्षी मी गेले तेव्हा तिने कपाट उघडलं. अंक प्रार्थनेच्या पुस्तकाखाली, स्वच्छ फडक्यात गुंडाळलेला. तिने तो काढला, त्याचा मुका घेतला, कपाळाला लावला, मग माझ्या हातात दिला. प्रार्थनेचं पुस्तक हातातून खाली पडलं तर घेतात तसा मुका. सासू-सुनेची कथा आहे गं, असं मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "असू दे. अक्षरं त्याचीच ना." २०११ साली ती गेली. माझं लिखाण तिने वाचलं नाही, पूजलं. मी अजून ठरवू शकलेले नाही की मला काय हवं होतं.

माझा मुलगा आता ३६ वर्षांचा आहे आणि तोही लिहितो. मला सांगितलं नव्हतं, सुनेने अंक आणून दिला. दोन पानांचं काहीतरी, कुठल्याशा घरात नव्याच्या सणाला हलवा घोटणाऱ्या बाईबद्दल, गव्हाचा चीक, नारळाचं दूध. सगळं हिब्रू आणि फार चांगलं हिब्रू, माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं. मी चष्मा लावून, बोट धरून वाचत होते, आणि मध्येच एका शब्दाशी अडले. आलेफ, गिमेल, योद. गिमेलच्या डोक्याशी एक बारीक तिरका टिंबासारखा फटकारा. हिब्रूत ज नाही, परक्या शब्दातला ज लिहायचा असेल तर गिमेलला तो फटकारा देतात. मी दोनदा वाचलं. आजी. 'सावता' लिहिता आलं असतं, ते हिब्रू झालं असतं, वाचकाला लगेच कळलं असतं. त्याने खाली अर्थही दिला नाही. मी त्याला अजून त्याबद्दल काही विचारलेलं नाही. कुठल्या भाषेत विचारू तेच ठरत नाहीये.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर झालं की नाही माहीत नाही. येईल लिहिता. हिब्रूत येईल.

पण निघण्याआधी एक काम कर. तुझं आडनाव मला ठाऊक नाही, शेवटी 'कर' असेलच. ठाण्यात हिब्रू वाचणाऱ्या कुणा जाणत्या माणसाकडे बस आणि तुझं नाव हिब्रूत कसं लिहायचं ते अक्षर अक्षर ठरव. तेत की ताव, कोफ की काफ, 'ए' दिसायला योद घालायचा की नाही. गावाचं नाव जमेल तितकं शाबूत राहील असं बघ. खाली स्वरांची टिंबं घाल. जाड पेनाने, मोठ्या अक्षरात, दोन प्रती काढ, एक पासपोर्टमध्ये ठेव. विमानतळावर टेबलामागचा माणूस लिहायला लागला की तो कागद त्याच्यापुढे सरकव. त्याला घाई असेल, मागे रांग असेल. तरी तिथून हलू नकोस.